शिकायचं थंडीत, लागणार पावसाळ्यात: साताऱ्यातल्या स्वयंसेवकांचे डोंगर-प्रशिक्षणाबद्दलचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवार-रविवारी आम्ही साताऱ्याच्या आसपास शोध आणि बचावकार्यात मदत करणाऱ्या स्वयंसेवकांना डोंगरात चालायला आणि नकाशा-कंपासवर वाट काढायला शिकवतो. नावनोंदणी सुरू झाली की तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण लोक नेमके तिथंच अडखळतात.

हे ट्रेकिंगचं शिबिर आहे का?

नाही. किल्ला बघावा, वर बसून भाकरी खावी, संध्याकाळी घरी यावं, यात वाईट काहीच नाही. पण त्यासाठी इथं येऊ नका, कंटाळाल. एकेका टेपाडावर आम्ही दोन-दोन तास घालवतो. शेवटी तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात. आत्ता आपण कुठं उभे आहोत हे तुम्हाला नक्की माहीत असावं, आणि ते फोनवरच्या माणसाला अर्ध्या मिनिटात, भलताच अर्थ निघणार नाही अशा शब्दांत सांगता यावं. वेगानं चढणारी माणसं गावोगाव सापडतात, ही दुसरी गोष्ट जमणारी फार कमी.

स्वयंसेवकांची खरी गरज पावसाळ्यात पडते. मग शिकवता थंडीत का?

प्रश्न रास्त आहे. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. तशा वेळी रस्ते तुटलेले असतात, ओढे भरलेले असतात आणि ढग जमिनीला टेकलेला असतो. पण अशा हवेत नवख्या माणसाला शिकवायला नेणं म्हणजे आपणच आणखी एक शोधमोहीम तयार करणं. थंडीत हवा स्वच्छ असते, वाट कोरडी असते, नकाशावर दिसतं ते समोरही दिसतं. नकाशावरच्या रेषा आणि डोळ्यांसमोरची डोंगराची सोंड यांची गाठ एकदा मनात पक्की बसली की मग धुक्यात चाचपडताना तीच कामी येते.

थंडीचा एक तोटाही आहे. सगळं दिसत असल्यामुळे माणूस नकाशा बघेनासाच होतो. म्हणून शिबिराचा उत्तरार्ध आम्ही मुद्दाम अंधारात घेतो. टॉर्चच्या उजेडात दहा-पंधरा मीटरच दिसतात; जुलैच्या धुक्यात कास-बामणोलीच्या बाजूला साधारण तेवढंच दिसतं. रात्रीचा सराव म्हणजे आमच्याकडचा कोरडा पावसाळा.

पूर्वानुभव लागतो का? वयाची, तब्येतीची अट?

अनुभव नसला तरी चालेल. वय १८ च्या पुढे. वरची मर्यादा नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस तासभर चालायची सवय शिबिराआधी महिनाभर तरी लावा. दमा, रक्तदाब, मधुमेह, जुनं गुडघ्याचं दुखणं लपवू नका. त्यावरून कुणाला परत पाठवत नाही. कुणाच्या पिशवीत कोणतं औषध आहे, हे बरोबरच्यांना ठाऊक असावं एवढंच. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून यावं.

महिला येतात का?

येतात, शिकवतातही. मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय वेगळी असते. आणखी काही विचारायचं असेल तर महिला प्रशिक्षकांशी थेट बोला.

थंडी किती असते? साताऱ्यात अशी काय थंडी पडते?

असं म्हणणारी मंडळी पहाटे पाच वाजता शेकोटी शोधत असतात. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या पट्ट्यात काही पहाटे दव गोठून गवतावर पांढरा थर बसतो, हे पेपरात दरवर्षी येतंच. तेव्हा त्यापेक्षा थोड्याच वर असलेल्या बाजारपेठेत मात्र थंडी त्यामानानं बरी असते. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि खोलगट भागात उतरून साचते. म्हणून मुक्कामाची जागा ओढ्याच्या काठी किंवा खोलगटीत घेऊ नका. थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला घ्या. हे शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी प्रत्यक्ष अंगाला कळतं.

मात्र आपल्याकडच्या थंडीत धोका तापमानापेक्षा घाम आणि वारा यांच्या जोडीचा. चढताना सुती बनियन ओलं होतं, धारेवर पोचल्यावर वारा लागतो आणि पाच मिनिटांत दात वाजायला लागतात. चढ सुरू करण्यापूर्वी स्वेटर काढा, वर पोचताच, थंडी वाजायच्या आधी, घाला. बरेच जण नेमकं उलटं करतात. एखादा अडखळत बोलायला लागला, बोटांनी बटण लागेना, चिडचिड करायला लागला, तर तो दमलाय असं समजून सोडून देऊ नका. ओले कपडे बदला, डोकं झाका, वाऱ्यातून बाजूला घ्या, शुद्धीत असेल तर गोड गरम काहीतरी द्या.

दुपारी बाराला हाच डोंगर तापतो, हेही ध्यानात असू द्या. तहान कमी लागते म्हणून लोक थंडीत पाणी कमी पितात आणि दुपारी डोकं धरून बसतात. दिवसाला माणशी तीन लिटर.

सामान काय आणायचं?

चांगली पकड असलेले, आधी वापरून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट शिबिरात घालून येणाऱ्याच्या टाचेची कथा दर वर्षी तीच असते. पूर्ण लांबीची, घट्ट विणीची पँट, कारण या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि कुसळं मोज्यातून आत शिरतात. लोकरी मोजे तर कुसळांचं माहेरघर. अंगात पॉलिएस्टरचा टी-शर्ट, वर स्वेटर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट, कानटोपी. डोक्याला लावायची टॉर्च आणि जादा सेल. शिट्टी. स्वतःची औषधं. बेसप्लेटचा पारदर्शक कंपास असेल तर आणा, नसेल तर शिबिरात मिळतो. कीचेनला लटकवलेला कंपास कृपया घरीच ठेवा.

खाणं म्हणाल तर भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू यांच्यापुढे कोणताही एनर्जी बार टिकत नाही. कंदी पेढे आणलेत तर प्रशिक्षक आडवे येणार नाहीत.

फोनमध्ये नकाशा असताना कागदाचा कशाला?

फोनला विरोध नाही. जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, फोन एअरप्लेन मोडवर असला तरी बहुतेक फोनमध्ये ते चालतं, आणि आधी उतरवून ठेवलेला ऑफलाइन नकाशा फार उपयोगी पडतो. तो वापरायलाही शिकवतो. पण थंडीत बॅटरी लवकर बसते, पावसात ओल्या बोटांना स्क्रीन जुमानत नाही, आणि तळहाताएवढ्या पडद्यावर डोंगराचा आकार एका नजरेत मावत नाही. पलीकडच्या खोऱ्यात उतरायला दुसरी वाट आहे का, हे कागदावर लगेच दिसतं.

दुसऱ्यांनी टाकलेल्या ट्रॅकचंही तसंच. तो माणूस तिथं गेला होता एवढंच त्यातून सिद्ध होतं. तो वाट चुकून गेला होता का, पावसाळ्यात गेला होता की उन्हाळ्यात, हे ती रेघ सांगत नाही.

कोणता नकाशा वापरता?

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे. त्यांत जमिनीवरचा एक किलोमीटर दोन सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. जुन्या क्रमांकपद्धतीत साताऱ्याची एक गंमत आहे. ७४ अंश पूर्व रेखांश शहराच्या अगदी कडेवरून जातो, त्यामुळे शहराच्या पश्चिमेचा, कासकडचा भाग ४७ जी/१४ या पत्रकात आणि पूर्वेचा भाग ४७ के/२ या पत्रकात पडतो. अजिंक्यताऱ्यावर उभं राहून चारी बाजू बघायच्या तर दोन्ही पत्रकं शेजारी मांडावी लागतात. नव्या खुल्या मालिकेच्या पत्रकांचे क्रमांक वेगळे आहेत. एक सूचना: जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश वेगवेगळ्या संदर्भावर बेतलेले असतात, त्यामुळे ते थेट एकमेकांवर बसवू नका.

समोच्च रेषा डोक्यात शिरतच नाहीत. काही युक्ती?

शाळेच्या भूगोलातल्या त्याच, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, फक्त तिथं डोंगर समोर नव्हता. आम्ही शिकवायला सुरुवात वाचनानं नाही, चित्रानं करतो. अजिंक्यताऱ्यावर बसायचं, समोरच्या यवतेश्वरच्या डोंगराचा आकार कागदावर स्वतः रेषांनी काढायचा, आणि मगच छापील नकाशा उघडायचा. तुमची सोंड आणि नकाशातली सोंड जुळली की सोंड कशी दिसते आणि घळ कशी दिसते, हे पुन्हा सांगावं लागत नाही. रेषांचं टोक उताराकडे झुकलं तर सोंड, चढाकडे घुसलं तर घळ किंवा ओढा.

या पत्रकांवर दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक असतो, आणि दर पाचवी रेषा जाड. दोन रेषांतलं अंतर एक मिलिमीटर भरलं तर उतार साधारण २२ अंशांचा, अर्धा मिलिमीटर भरलं तर ३९ अंशांच्या आसपास. पहिल्यावर माणूस सरळ चालत जातो, दुसऱ्यावर हात टेकावे लागतात.

आता सह्याद्रीतली खरी मेख. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेत. त्यामुळे उतार एकसारखा नसतो. कडा, मग सपाट पट्टा, पुन्हा कडा, असा पायऱ्यापायऱ्यांचा असतो. पंधरा मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मधल्या जागेत सहज लपू शकतो. नकाशावर सौम्य दिसणारी जागा प्रत्यक्षात उतरता येत नाही, असं का होतं याचं उत्तर हे. आणि थर आडवे असल्यानं तो कडा त्याच उंचीवर दोन-दोन किलोमीटर चालत राहतो. अशा वेळी कड्याच्या काठानं घाईत उतरणीची जागा शोधत बसू नये. पायवाटा कुठे वर चढतात ते नकाशावर बघावं. शेकडो वर्षांत माणसांनी आणि गुरांनी कड्यातली फट तिथंच शोधलेली असते.

कंपासवर किती भरवसा ठेवायचा?

भरपूर, फक्त त्याला धरायचं कसं हे कळलं पाहिजे. चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्या भागात एखाद्या अंशाच्या आसपासच आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये त्यावर अर्धा तास खर्च करतात, आपण दोन मिनिटांत पुढं जातो.

चुका होतात त्या वेगळ्याच. फोन आणि कंपास एकाच हातात. खिशात चुंबकाचं झाकण असलेलं फोनचं पाकीट. लोखंडी रेलिंगला टेकून घेतलेलं माप. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्कीच्या खांबाला पाठ लावून घेतलेलं बेअरिंग, म्हणजे खुणेची उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात लोहाची खनिजं असतात, काही उघड्या कातळांवर सुई भलतीकडे ओढली जाते. म्हणून कंपास कातळावर ठेवून माप घेऊ नका, छातीशी हातात धरा. शंका आली तर वीस-तीस पावलं बाजूला जाऊन पुन्हा घ्या.

किती अचूक हवं? पाच अंशांची चूक एका किलोमीटरवर सुमारे ८७ मीटर बाजूला नेते. खुल्या सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर, तेवढ्यानं काही बिघडत नाही, अरुंद खिंड शोधताना बिघडतं. त्यासाठी अंधारात थेट खिंडीवर नेम धरायचा नाही. मुद्दाम तिच्या एका बाजूला नेम धरायचा. कडा किंवा ओढा आडवा आला की खिंड कोणत्या हाताला आहे हे नक्की असतं. थेट नेम धरलेला माणूस कड्यावर पोचतो आणि आता डावीकडे की उजवीकडे, यावर वाद घालत बसतो.

आपण कुठं आहोत हे नकाशावर कसं काढायचं?

ओळखीच्या दोन खुणांचं बेअरिंग घ्या, नकाशावर उलट दिशेनं रेषा ओढा, छेदतात तिथं तुम्ही. अजिंक्यताऱ्यावरून पूर्वेला जरंडेश्वर, नैऋत्येला सज्जनगड, पश्चिमेकडे यवतेश्वर, उत्तरेकडे चंदन-वंदन, खुणांना तोटा नाही. दोन खुणांमधला कोन नव्वदच्या जवळ असेल तर जागा नेमकी कळते, फार लहान असेल तर रेषा घसरतात. तिसरी रेषा पडताळणीसाठी. ती त्याच बिंदूतून जात नाही, छोटा त्रिकोण होतो, आणि तुम्ही त्यात किंवा त्याच्या जवळ कुठंतरी असता.

अडचण अशी की आपले डोंगर माथ्यावर सपाट. शिखराचं टोकच नसेल तर बेअरिंग घ्यायचं कशाचं? पठाराचं टोक, कड्याचा कोपरा, बुरूज, देवळाचा कळस असं काहीतरी नेमकं धरा. पवनचक्क्या टाळा. एकसारख्या दिसणाऱ्या इतक्या आहेत की आपण नकाशावरची कोणती बघतोय हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

सूर्य आणि ताऱ्यांवरून दिशा शिकवता का?

शिकवतो, कारण लोक ते चुकीचं शिकून येतात. सूर्य पूर्वेला उगवतो हे डिसेंबरात साताऱ्यात पंचवीसेक अंशांनी खोटं पडतं. तो आग्नेयेकडे सरकून उगवतो. त्यापेक्षा दुपार वापरा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथं सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्याला येतो, बाराला नव्हे, आणि त्या क्षणी काठीची सावली बरोबर उत्तरेला पडते.

रात्री ध्रुव. आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून साडेसतरा-अठरा अंशांवरच असतो, त्यामुळे उत्तरेला डोंगर असेल तर दिसतच नाही. थंडीत सुरुवातीच्या रात्री सप्तर्षीही वर नसतात, शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधावा लागतो. मृग नक्षत्र मात्र हुकमी: त्यातले ओळीत बसलेले तीन तारे जवळजवळ अचूक पूर्वेला उगवतात आणि पश्चिमेला मावळतात. उगवताना किंवा मावळताना बघा, मध्यरात्री डोक्यावर असताना दिशेसाठी उपयोग नाही.

किती वेळ लागेल याचा अंदाज कसा बांधायचा?

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं घालून दिलेला ढोबळ नियम अजून चालतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला वर एक तास. सहा किलोमीटर वाट, ४५० मीटर चढ असेल तर ७२ मिनिटं अधिक ४५ मिनिटं, म्हणजे दोन तासांना थोडं कमी. यात विश्रांती धरलेली नाही. आपल्या उन्हात, कारवीच्या रानात, दहा-बारा जणांच्या गटाला दीडपट वेळ धरा. स्ट्रेचर घेऊन येताना तर हा हिशेब बाजूलाच ठेवावा लागतो. एका वेळी सहा ते आठ जण खांदा देणार, तितकेच बदलीला, आणि दर काही मिनिटांनी थांबणं.

या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. तीन वाजता तुम्ही अजून वर चढतच असाल तर परत फिरण्याचा निर्णय गटप्रमुखानं आधीच घेतलेला असायला हवा. शिबिरात गटप्रमुख रोज बदलतो. हा निर्णय घेण्याची वेळ प्रत्येकावर येते, आणि बहुतेकांना कंपासपेक्षा तोच जड जातो.

चालायला काय शिकायचं? चालता तर येतंच.

गावात येतं. वाळलेल्या गवतावरून आणि मुरमाच्या घसाऱ्यावरून उतरताना येतं का, ते बघू. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा, मागे रेलू नका. मागे रेलला की टाच सुटते आणि माणूस बसतोच. गवताला धरू नका, या दिवसांत ते मुळासकट हातात येतं. घळीतून उतरताना एकाच्या बरोबर खाली दुसरा नको, दगड सुटला तर ओरडून सांगा. चढताना दोन शब्द बोलता येतील इतकाच वेग ठेवा.

गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. पुढं एक, शेवटी एक अनुभवी, आणि वाट फुटते तिथं मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं. एवढं एक पाळलं तरी माणसं हरवत नाहीत.

वाट चुकली तर?

थांबा, बसा, पाणी प्या. शेवटी खात्रीनं कुठं होतो, तिथून किती मिनिटं चाललो, चढलो की उतरलो, हे सगळ्यांनी मिळून आठवा. परत त्या जागेवर जाता येत असेल तर जा.

ढोरवाटा फसवतात. त्या ठळक असतात, पण गावाकडे जातीलच असं नाही. पाणवठ्यावर किंवा चराईच्या माळावर नेऊन विरतात. ओढा धरून खाली उतरत जायचं, हा सल्ला घाटमाथ्यावर जिवावर बेततो. कोकणाच्या बाजूचे ओढे कड्यावरून उडी घेतात, आणि मागं चढता येणार नाही अशा टप्प्यावर तुम्ही अडकता.

अंधार पडलाच तर एका जागी रहा. शिट्टीचे मिनिटाला सहा आवाज, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन आवाजांचं असतं.

गावकऱ्यांना वाट विचारली तर चालेल ना?

विचाराच, फक्त नीट विचारा. "ही वाट गडावरच जाते ना?" असं म्हणालात तर समोरचे आजोबा तुमचा हिरमोड नको म्हणून "हां, जाती की" म्हणतील. "गडावर जायला कुठनं जाऊ?" असं विचारा म्हणजे ते हातानं दाखवतील. अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, "तुम्हाला किती वेळ लागतो" असं विचारा आणि आलेल्या उत्तराची दुप्पट करा. धनगरवाड्यावरच्या माणसाला डोंगराच्या पदरातल्या रानातली जी वाट माहीत असते ती नकाशावर नसते. वाटाड्या घेतलात तर त्याच्या दिवसाची मजुरी ठरवून, वेळेवर द्या.

ठिकाण कसं कळवायचं? लोकेशन पाठवलं की झालं ना?

इंटरनेट असेल तर झालं. बहुतेक वेळा आवाज जेमतेम पोचतो, आणि मग आकडे वाचून दाखवावे लागतात. इथं जीवघेणा गोंधळ होतो. अजिंक्यतारा साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर, ७३ अंश ५९ मिनिटं पूर्व. हेच कुणी "सतरा चाळीस, त्र्याहत्तर एकोणसाठ" असं सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं ते १७.४० आणि ७३.५९ असं दशांशात लिहून घेतलं, तर शोधपथक पन्नासेक किलोमीटर दूर, घाट उतरून थेट कोकणात पोचेल. आमचा आग्रह एकच पद्धतीचा: दशांश अंश, पॉइंटनंतर किमान चार आकडे, एकेक आकडा सुटा, आणि समोरच्याकडून परत वाचून घ्यायचा. सोबत एक वाक्य जमिनीवरचं: कोणत्या गावाच्या वर, कोणत्या बाजूला, कोणती खूण. आकडे चुकले तर ते वाक्य तारतं.

आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

जनावरं, साप, मधमाश्या?

सगळ्यात जास्त काळजी आग्या मोहोळाची. कड्याखालून, बुरुजाखालून जाताना वर बघा. अत्तर-परफ्यूम लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको. माश्या उठल्या तर तोंड-मान झाकून लांब पळा. झटकू नका, गवतात आडवं पडू नका.

फुरसं आणि घोणस थंडीत ऊन खायला कातळावर येतात. दगडाच्या सांदीत न बघता हात घालायचा नाही. दंश झाला तर माणसाला चालवू नका, कापू-चोखू नका, अवयव स्थिर ठेवून दवाखान्यात न्या. गवा दिसला तर लांबूनच वाट बदला. गवतातून आल्यावर गोचीड तपासा.

शेकोटी करता का?

रानात नाही. जानेवारीत गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं डोंगर पेटतो. गावात, अंगणात, परवानगीनं चालेल.

कास पठार किंवा वासोट्याला नेता का?

सरावासाठी नाही. कासवर जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे, ज्या कंदांतून आणि बियांतून पुढच्या पावसाळ्यात फुलं येतात ती थंडीत त्याच मातीत असतात. वाट सोडून चालणं हा आमच्या शिक्षणाचा भागच असल्यानं तिथं जाणं योग्य नाही. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. बामणोलीहून बोटीनं, वनविभागाच्या परवानगीनं जाऊन संध्याकाळच्या आत परतावं लागतं. रात्रीचा सराव तिथं करताच येत नाही. सरावाची जागा कोणतीही असली तरी वनविभाग आणि ग्रामपंचायत यांना आधी सांगितलेलं असतं.

सांगली-मिरजेहून यायचं तर?

या. कराडपर्यंत आलात की गाड्या एकत्र करता येतात. तिकडं गट मोठा असेल तर नकाशाचे पहिले दोन धडे मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर घेता येतात. उंची फार नाही, पण सोंडा आणि घळी शिकायला पुरेशा आहेत. रात्रीच्या सरावाला मात्र इकडंच यावं लागेल.

शिबिर झालं की मला मोहिमेवर बोलावणार का?

लगेच नाही. आधी पुढच्या पावसाळ्यात जुन्या माणसांच्या मागं, पाणी आणि दोर वाहण्याचं काम. आपण होऊन घटनास्थळी जायचं नाही. पोलीस किंवा तहसील कार्यालयाकडून गटाला निरोप येतो आणि गटप्रमुख नावं ठरवतो. फोटो आणि लाइव्ह पूर्ण बंद. ज्यांचं माणूस बेपत्ता आहे ते घरात बसून मोबाईल बघत असतात.

प्रमाणपत्र मिळतं का? शुल्क?

प्रमाणपत्र नाही. शिकवण्याचं शुल्क नाही, जेवण आणि प्रवासाचा खर्च वाटून घेतो. नाव नोंदवताना रक्तगट आणि घरच्या एकाचा फोन नंबर द्या. यायचं रद्द झालं तर दोन दिवस आधी कळवा. प्रशिक्षकामागे सहाच जण घेतो, आणि तुमच्या जागेसाठी कुणीतरी थांबलेलं असतं.